सहा दिवसांची देवी

समस्त वाचकांना, मग ते चहात दोन चमचे साखर घेणारे असोत की माझ्यासारखे नुसतेच चमच्याकडे बघणारे, अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की प्रस्तुत लेखिका वयाच्या बाराव्या वर्षी सलग सहा दिवस देवी होती. नेमणूक देऊळघाट गावी, राहत्या घरी, भर दुपारी झाली. अर्ज केलेला नव्हता. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेला होता आणि नागपूरच्या साहेबांचा कागद आल्याशिवाय आमच्याकडे शाळेचा शिपाईसुद्धा बदलत नसे. पण देवीच्या नेमणुकीत सरकार पडत नाही. बढती झाली ती ओसरीवर, आणि बडतर्फी झाली बुलढाण्याच्या एका दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर. ही गोष्ट मी आजवर लग्नाघरी, बारशाला, माझ्या नातवंडांच्या मित्रांना, एकदा तर मोटारस्टँडवर अनोळखी बायकांनाही हातवारे करून सांगितली आहे. लोक पोट धरून हसतात. मी दर वेळी एकाच ठिकाणी थांबते, देवी पुरण खाते तिथं. पुढचं कुणी विचारत नाही. आज पन्नाशी ओलांडल्यावर, सकाळची सुई स्वतःच्या हातानं मांडीत टोचून, पुढचं लिहायला बसले आहे.

आमचा भाजीपाल्याचा मळा. घर मळ्यातच, विहिरीपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळं लहानपणचा पहिला आवाज म्हणून मला आईची हाक आठवत नाही, मोटेच्या चाकाची कुरकुर आठवते. मोठे बा, म्हणजे माझे थोरले काका, पहाटेपासून मोट हाणत. माणसांशी ते वर्षाकाठी जेवढं बोलत त्याहून जास्त एका सकाळी बैलांशी बोलत. मोट वर आली की पाणी धो करून थारोळ्यात पडे, तिथून पाटात, आणि पाटाच्या शेवटी माझा बा फावडं घेऊन वाफ्यात उभा. त्याला आम्ही दारं धरणं म्हणतो. एका वाफ्याचं मातीचं दार फोडायचं, पाणी आत घ्यायचं, वाफा भरला की चिखलानं लिंपायचं आणि पुढच्याचं फोडायचं. बा हे काम इतकं निगुतीनं करायचा की कोथिंबिरीच्या वाफ्यात पाणी कसं पायाचा आवाज न करता शिरायचं. वांगी, मेथी, अंबाडी, मुळे; आणि जेवायला रोज ज्वारीची भाकर, मिरच्यांचा ठेचा आणि बाजारात न खपलेली कुठली तरी भाजी. घरात राज्य मोठ्या मायचं. माझी माय तिची जाऊ, पण तिच्यासमोर बोलताना पदर आणि आवाज दोन्ही खाली. मोठी माय वाईट नव्हती. आवाज तेवढा असा होता की विहिरीत घागर सोडल्यासारखा, आधी दणका आणि मग बराच वेळ घुमणं.

मोठ्या मायला एकच लेकरू झालं होतं, सुभी. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती नवव्या वर्षी गेली. मला तिचं एवढंच आठवतं की ती वाळत गेली आणि सारखी पाणी मागायची. वैद्यानं सांगितलं होतं की पाणी जास्त पोटात गेल्यानंच लघवी जास्त होते, तेव्हा पाणी तोडा. मोठ्या मायनं तोडलं. माठावर झाकण ठेवून त्यावर स्वतः बसून राहिली. सुभी तिच्या लुगड्याला धरून मागायची, आणि मोठी माय दुसरीकडं तोंड करून म्हणायची, "उद्या देतो, माय. उद्या." नंतर सुभीनं मागणं थांबवलं. घरात याविषयी कुणी बोलत नसे. पण पुढं किती तरी वर्षं कुणी पाणी मागितलं, मग तो भिकारी का असेना, की मोठी माय हातातलं काम टाकून धावायची आणि तांब्या काठोकाठ भरून आणायची, इतका की अर्धं पाणी वाटेत सांडायचं.

बाराव्या वर्षी मला तहान लागायला लागली. मी गंमत म्हणून मोजायची, आज किती तांबे. अंथरूण ओलं व्हायला लागलं तेव्हा गंमत संपली. फ्रॉकच्या बाह्यांत दंड हलायला लागले. एका सकाळी मोठी माय घरामागं राख टाकायला गेली आणि आम्ही पोरी लघवीला बसायचो त्या जागेवर तिला मुंग्यांची रांग दिसली. ती तिथंच खाली बसली. राखेची पाटी मांडीवर तशीच. मग उठून आत आली आणि बाला म्हणाली, "भाऊजी, कौशीले बुलढाण्याले न्या. आजच न्या. भाजी सडली तं सडू द्या."

बुलढाण्याचे डॉक्टर पुण्याकडचे, चष्मेवाले, शब्दाच्या शेवटापर्यंत नीट पोचणारे. त्यांनी माझी लघवी एका काचेच्या नळीत निळ्या औषधात थेंब थेंब टाकली आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं, आणि शेवटी खापराच्या तुकड्यासारखं लाल. मला ते इतकं आवडलं की मी म्हटलं, अजून एकदा करा. डॉक्टर हसले नाहीत. बाला म्हणाले, "हिच्या पोटात, जठराच्या मागं, स्वादुपिंड म्हणून एक इंद्रिय आहे. आपण जे खातो त्याची साखर होऊन रक्तात येते. ती साखर रक्तातून शरीरात मुरावी यासाठी ते इंद्रिय एक रस सोडतं. हिचा तो रस आटला आहे. साखर रक्तात नुसती फिरते आणि लघवीतून निघून जाते. पोरगी भरल्या ताटावर उपाशी आहे." बानं डोक्याचा रुमाल काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाला, "म्हंजे साहेब, पाटाले पानी भरून हाय, पन दारं धरनारा पयून गेला. वाफे कोरडे, आन् पानी सारं वढ्यात." डॉक्टरांनी हातातली नळी खाली ठेवली. "अगदी तसंच," ते म्हणाले. "आणि मी तुम्हाला बाटलीतला दारं धरणारा देणार आहे."

तो बाटलीतला माणूस मुंबईहून रेल्वेनं मलकापूरला, तिथून मोटारीनं घाट चढून बुलढाण्याला यायचा. घरी त्याला थंड ठेवायचं म्हणून मायनं एका गाडग्यात ओली वाळू भरून त्यात बाटली रोवली आणि गाडगं माठाच्या तळाशी ठेवलं. सकाळ-संध्याकाळ सुई. काचेची पिचकारी आणि जाड सुई पातेल्यात उकळायची, आणि तो खदखदण्याचा आवाज ऐकला की मी वांग्यांच्या वाफ्यात पळायची. बाच्या हाताला फावड्याचे घट्टे. पण सुई तो अशी टोचायचा की स्वतःचेच डोळे मिटायचा. मला म्हणायचा, "झालं व, माय, झालं," आणि ते अजून झालेलं नसायचं. डॉक्टरांनी दोन नियम घालून दिले होते. सुई चुकवायची नाही, काही झालं तरी. आणि साखर, गूळ, गोड फळ म्हणजे हिला विष. तिसरंही काही तरी म्हणाले होते, सुईनंतर अर्ध्या तासात जेवण. पण ते जेवणाचं असल्यामुळं बाला ते नियमासारखं वाटलं नाही. मायच्या मात्र ते लक्षात राहिलं. पहिले दोन नियम घरानं असे पाळले की गुळाची भेली शेजारी गेली, संक्रांतीला आमच्याकडं तिळाची चटणी झाली, आणि पाहुण्यांना बिनसाखरेचा काढा मिळायला लागला, तसे पाहुणेही कमी झाले. मी भरले. दंडाला मांस आलं. मोठी माय मला न्हाऊ घालताना माझ्या फासळ्या बोटानं चाचपायची, आणि बोट जिथं बुडायचं तिथं थोडा वेळ तसंच ठेवायची.

आता महालक्ष्म्यांची गोष्ट. भादव्यात आमच्या घरी थोरली आणि धाकटी अशा दोघी बसायच्या. पितळी मुखवटे, धडाच्या जागी ठेवलेल्या कोठ्यांवर नेसवलेली लुगडी, पुढं फराळाचा फुलोरा, आणि जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील आणि पुरणाच्या पोळ्या. सोळाच्या सोळा भाज्या घरच्या मळ्यातल्या, याचा मोठ्या मायला इतका गर्व की त्या दिवशी ती मेथी खुडताना मेथीलाही 'चाल, माय' म्हणायची. त्या दिवशी घराचा एकच कायदा होता: दोघींना नैवेद्य दाखवल्याशिवाय घरातल्या माणसानं, लेकरानं, तोंडात काही घालायचं नाही. सकाळी बानं रोजच्या वेळेला सुई दिली, कारण सुई चुकवायची नाही, काही झालं तरी. मायनं पदराखाली चतकोर भाकर आणली. मोठ्या मायनं पदर ओळखला.

"आज? नैवेद्याच्या आधी?"

"बाई, डाक्टरनं सांगतलं हाय, सुई दिली का अर्ध्या घंट्यात…"

"डाक्टरच्या घरी महालक्ष्म्या बसत नसतीन. जराक थांबली तं काय मरते का पोट्टी?" असं बोलून गेली आणि तिनं लगेच स्वतःच्या गालावर दोन चापट्या मारून घेतल्या. पण भाकर परत टोपलीत गेली.

आणि त्या दिवशी पुरण शिजेना. पावसानं जळणाच्या पऱ्हाट्या ओल्या, चुलीतून नुसता धूर, डाळ कडक ती कडकच. गावातल्या बायका दर्शनाला येऊन बसल्या होत्या. दिवस डोक्यावर आला. मी ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की आपले ओठ आपले नाहीत. मुंग्या आल्यासारखे, दुसऱ्या कुणाचे तरी आणून चिकटवल्यासारखे. मग पाठीवरून घाम. मग भूक, पण पोटातली नव्हे, हाडातली. आज मला ही भूक दुरून, पावलांच्या आवाजावरून ओळखता येते आणि माझ्या झंपरच्या खिशात खडीसाखर असते. तेव्हा काही माहीत नव्हतं. ज्याचं शरीर शाबूत आहे त्याचं उपाशीपणी असं होत नाही. साखर उतरायला लागली की स्वादुपिंड आपला रस आवरतं घेतं आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं, म्हणून तर दिवसभर पोटात अन्नाचा कण नसताना बायका जाती ओढू शकतात. आतला दारकरी पाट बघून काम करतो. सुईतला दारकरी पाट बघत नाही. मोट चालू असो की बैल झाडाखाली बसलेले असोत, तो सगळी दारं फोडत सुटतो, पाट कोरडा पडला तरी.

मुखवटे दोनाचे चार झाले. मला हसू आलं. मग राग आला, कशाचा ते कळेना, पण इतका की मी पायानं रांगोळी फिसकटली. कुणीतरी धरायला आलं त्याला ढकललं. अंग थरथरत होतं, मान आपोआप गोल फिरत होती, वेणी सुटली होती. पुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलं, आणि ते त्यांनी मला इतक्या वेळा सांगितलं आहे की ते मला आठवतंच.

"अव माय! अंगात आलं पोट्टीच्या!"

"कोन व? थोरली का धाकटी?"

"थोरलीच. पाह्य ना कशी घुमून राह्यली. धाकटी अशी घुमत नसते."

"तुले काय माहीत धाकटी कशी घुमते ते?"

माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट गेला. परात वाजायला लागली. मोठी माय चुलीपासून उठून आली, हात डाळीनं माखलेले, आणि तिनं माझ्या पायावर डोकं ठेवलं. बायका गप्प झाल्या. ज्यांना नवऱ्याची नोकरी आणि म्हशीचं वेत विचारायचं होतं त्याही गप्प झाल्या, कारण आता मोठी माय काय विचारणार हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. "आई," ती म्हणाली, आणि म्हणे तो घागरीसारखा आवाज पार बसला होता, "माही सुभी बरी हाय का?" माझी मान तेव्हाच पुढं पडली. ती हनुवटीपर्यंत आली आणि तिथंच राहिली. मोठ्या मायनं तो होकार घेतला.

मग मी म्हणाले, 'गूळ.' एवढंच. बा पाटावरून धावत आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. "वयनी, नोको! तिले गोड बंद हाय. जहर हाय म्हणे डाक्टर, जहर!" मोठ्या मायनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. "भाऊजी, हे कौशी नाही आता. महालक्ष्मीले गोड बंद करनारा डाक्टर अजून जन्माले याचा हाय." अर्धकच्चं, तुपातलं, गुळाचं गरम पुरण तिनं माझ्या दातांच्या फटीतून बोटानं आत सारलं. एक बोट, दुसरं, दहावं. बा खांबाला धरून उभा होता, मायनं डोळ्यांवर पदर घेतला होता, आणि थोड्याच वेळात मी मान वर केली, समोर हात जोडून बसलेला गाव पाहिला आणि विचारलं, "काय झालं व? पुरन शिजलं का?"

इथं मी थांबत असते.

डॉक्टरांनी घरी तपासायला तशीच एक नळी आणि निळं औषध दिलं होतं; बानं त्याच दुपारी ती नळी तापवली. विष पोटात गेलं होतं ना. निळं औषध, माझ्या लघवीचे थेंब, स्पिरिटचा दिवा. आम्ही सगळे वाकून बघत होतो. हिरवं झालं नाही. पिवळं झालं नाही. उकळून उकळून निळं ते निळंच राहिलं, आभाळासारखं. एवढ्या महिन्यांत असं निळं आम्ही पाहिलं नव्हतं. ज्या तासांत साखर तळाला गेली होती त्या तासांतली ती लघवी होती, तिच्यात साखर येणार कुठून. पण हे सांगायला तिथं कुणी नव्हतं. बानं नळी उन्हात धरली, मग मुखवट्यांपुढं धरली, आणि रडायला लागला. शेरभर गोड खाऊन पोरीच्या लघवीत साखर नाही. देवीनं खाल्लं, देवीनं पचवलं.

संध्याकाळी सुई उकळायला ठेवली आणि पातेलं खदखदायला लागलं. मोठी माय मला परसात घेऊन गेली. मला मांडीवर बसवायचं वय सरलं होतं, तरी बसवलं. म्हणाली, "तू सुभीचं 'हाव' म्हनली. अजून काय म्हणे व देवी? सांग ना." मला खरंच काही आठवत नव्हतं. हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण पोटात वर्षभरानं पुरण होतं, कपाळावर मळवट होता, सगळ्या गावानं ज्यांवर डोकं ठेवलं त्या पायांत अजून गुदगुल्या होत्या, आणि आत पातेलं खदखदत होतं. मी डोळे मिटले. आमच्या घरात नाटकी मी एकटीच. म्हणाले, "सुभी देवीपाशी हाय. झोक्यावर बसून राह्यली." मोठ्या मायचा हात माझ्या पाठीवर थांबला. मला तिचा श्वास ऐकू येईना. मग मी म्हणाले, "आता तिले तहान लागत नाही म्हणे." आणि लगेच, एकाच दमात, जोडूनच, "आन् कौशीले सुई नोको म्हणे."

मोठी माय उठली, आत गेली आणि तिनं चुलीवरचं पातेलं उपडं केलं.

बानं एकदा विचारलं, उद्या नळी तरी तापवून पाहू का. मोठी माय म्हणाली, देवीची परीक्षा घेता काय. निळ्या रंगापेक्षा मोठा साक्षीदार बाजवळ नव्हता, आणि तो रंग त्यानं स्वतःच पाहिला होता. बाटली वाळूतून काढून पैनगंगेत गेली. पहिले दोन दिवस मी गुळपोळी खाल्ली, शिरा खाल्ला, दर्शनाला आलेल्या बायकांना गंभीर चेहऱ्यानं अंगारा दिला. मोठी माय गात होती. आयुष्यात पहिल्यांदा मी तिचं गाणं ऐकलं, भसाडं, मोटेच्या चाकाच्या तालावर. आणि मोठे बा विहिरीवरून मान वळवून घराकडं बघत होते. तिनं सुभीची बाहुली पेटीतून काढून कोनाड्यात ठेवली. पाणी मागितलं की आता ती सावकाश उठायची.

तिसऱ्या दिवशी मला तहान लागली.

देवीच्या पोरीला तहान लागून कसं चालेल? मी घरात पाणी मागायचं बंद केलं आणि थारोळ्यावर जाऊन बैलांसारखी तोंड लावून प्यायला लागले. परसात जायचं ते लांब, बांधापलीकडं, मुंग्या कुणाला दिसू नयेत म्हणून. चौथ्या दिवशी पोटात दुखायला लागलं. मला कळत होतं. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ऐकणारे मला पोर म्हणून माफ करायला फार उतावळे असतात. सुई हवी असेल तर एक वाक्य बोलायचं होतं, 'देवी काही म्हणाली नाही.' पण मी दोन गोष्टी एका दमात सांगितल्या होत्या. एक खोटी म्हटली की दुसरीही खोटी होणार, आणि मोठी माय ओसरीवर गात बसली होती.

पाचव्या दिवशी दुपारी मी निजले असताना ती माझ्यावर वाकली. माझ्या तोंडाला अतिपिकल्या पेरूसारखा वास येत होता. तिनं पुन्हा वास घेतला, आणि तिचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर जागच्या जागी म्हातारा झाला. "सुभीच्या तोंडाले असाच येत होता," ती म्हणाली. मग अगदी हळू, जणू माझ्याकडून नको असलेलं काही मागतेय अशी, "कौशे, देवी खरंच म्हणे ना व? सुई नोको असं?"

मी म्हणाले, "हाव."

सहाव्या दिवशी सकाळी ओकाऱ्या सुरू झाल्या आणि श्वास भात्यासारखा चालायला लागला. आणि माझी माय, जिचा आवाज मोठ्या मायसमोर कधी घशातून वर आला नव्हता, ती ओसरीत उभी राहून ओरडली, "गाडी जुंपा! देवीले मी पाहून घेईन!" मोठ्या बांनी मोट अर्ध्या विहिरीत सोडून तेच बैल गाडीला जुंपले. गाडीत माझं डोकं मायच्या मांडीवर होतं आणि पाय मोठ्या मायच्या. तिला कुणी चल म्हटलं नव्हतं.

दवाखान्यात किती वेळ गेला मला ठाऊक नाही. जाग आली तेव्हा मांडीत मिठाच्या पाण्याची मोठी सुई होती, खिडकीत ऊन होतं आणि डॉक्टर स्टुलावर बसून बाशी बोलत होते. मी वाचले हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. मरणाऱ्या माणसाच्या खाटेपाशी कुणी इतकं रागानं बोलत नाही. सुई कुणी बंद केली, असं ते विचारत होते. बा म्हणाला, "देवीनं." डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्या दिवसाची सकाळ घड्याळ लावून विचारून घेतली. सुई केव्हा, जेवण केव्हा, घाम आला का, थरथर होती का. "ती देवी नव्हती हो," ते शेवटी म्हणाले, आणि राग गेलेला होता. "औषध अंगात गेलं आणि वर अन्न नाही. रक्तातली साखर संपली. साखरेशिवाय मेंदू चालत नाही, माणूस असाच बरळतो, असाच घुमतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर तिथंच संपलं असतं." बा स्वतःच्या हातांकडं बघत होता. "म्हंजे दारं धराले मानूस लावला म्या," तो म्हणाला, "आन् मोट हानलीच नाही." डॉक्टर मोठ्या मायकडं वळले. ती खाटेच्या पायथ्याशी बसून माझे तळवे चोळत होती. "पुरण तुम्ही भरवलंत ना? तुम्ही वाचवलीत हिला. विष म्हणालो होतो मी, पण त्या घडीला तेच औषध होतं. हे मी आधी सांगायला हवं होतं."

मोठी माय तळवे चोळत राहिली.

"आणि सुई नको, हे कुणी सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "म्या. मनानंच. मले त्या दिवशीचं काहीच याद नाही."

मायनं माझा हात घट्ट धरला, इतका की दुखलं. माझ्या तळव्यांवरचे हात मात्र थांबले. मी मोठ्या मायकडं पाहिलं. ती रागावेल, मारेल, निदान रडेल अशी माझी तयारी होती, आणि तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती उठून उभी राहिली. परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. एवढं सगळं ज्याला ठाऊक आहे त्या माणसाकडं, डॉक्टरांकडं, ती दोन पावलं गेली आणि तिच्या त्या दणदणीत आवाजात, पलीकडच्या खाटांवरचे लोक उठून बसले इतक्या मोठ्यानं, विचारती झाली:

"मंग माही सुभी कोठी हाय वो, डाक्टरसाहेब?"